देव निर्दोष सुटतो तेव्हा

रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं गाव. घाटावरचं बुलढाणा आणि घाटाखालचं मलकापूर यांच्या मधल्या पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्याशी. खानदेशातून वर चढणाऱ्या फौजांना ही वाट सोयीची होती, म्हणून या आडबाजूच्या गावाच्या नावावर दोन मोठ्या लढाया जमा आहेत. पहिली १४३७ च्या सुमाराची. बहमनी सरदार खलफ हसन यानं तेव्हा खानदेशच्या नसीर खान फारुकीला इथं हरवलं. दुसरी १५९१ ची. माझं काम या दुसरीशी आहे.

अहमदनगरच्या गादीवर त्या वेळी इस्माईल नावाचा पोरसवदा निजामशहा होता आणि कारभार जमाल खानाच्या हाती होता. जमाल खान महदवी पंथाचा. अखेरच्या काळी येऊन जगात न्याय आणणारा महदी जौनपूरच्या सय्यद महंमदाच्या रूपानं येऊन गेला, अशी या पंथाची श्रद्धा. जमाल खानानं निजामशाहीत या पंथाला राजाश्रय मिळवून दिला होता. त्याच्यावर चालून आला तो इस्माईलचा सख्खा बाप बुऱ्हाण. सोबत खानदेशचा राजा अली खान. हिजरी सनाचं हजारावं वर्ष तोंडावर आलेलं, काहीतरी मोठं घडणार अशी हवा सगळ्या मुस्लिम जगात होती. आणि योग असा, की रोहिणखेडला जी जुनी मशीद आहे ती १५८२ साली बांधली खुदावंद खान महदवीनं, म्हणजे याच पंथाच्या माणसानं. ती उभी राहून नऊ वर्षं होतात न होतात तोच पंथाचा सर्वांत बलवान पुढारी त्याच गावाच्या शिवारात मारला गेला. बुऱ्हाण गादीवर बसला, त्यानं शिया पंथ पुन्हा आणला आणि महदवींच्या वाट्याला छळ आला.

एकाच अल्लाची करुणा भाकून दोन्ही फौजा मैदानात उतरल्या होत्या. जिंकणाऱ्याला स्पष्टीकरण शोधावं लागत नाही: देवानं निवाडा दिला. हरणाऱ्यालाही ते सापडतंच: आमची श्रद्धा कमी पडली, किंवा ही परीक्षा आहे. दोन्ही उत्तरांत देव स्वच्छ राहतो. पहिल्यात दोष हरलेल्यांचा पाखंडीपणा, दुसऱ्यात हरलेल्यांचाच कमकुवतपणा. मेलेला माणूस दोन्हीकडून गुन्हेगार ठरतो.

प्रेमळ, सर्वशक्तिमान देव आणि जगातलं दुःख यांचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न फार जुना. ग्रीसमध्ये एपिक्युरसच्या नावावर तो सांगितला जातो. दुःख थांबवायची देवाला इच्छा आहे पण ताकद नाही, की ताकद आहे पण इच्छा नाही? तत्त्वज्ञानाच्या वर्गात यावर तास दोन तास बरे जातात. मला मात्र या कोड्यापेक्षा त्याच्या उत्तरांचा जास्त त्रास होतो. देवाला निर्दोष सोडवायचं तर आरोपीच्या पिंजऱ्यात दुसरं कुणीतरी उभं करावं लागतं. आपल्या भागात ते कुणाला उभं केलं जातं, हे मी बरीच वर्षं पाहत आलोय.

कधीकधी हा आरोपी अगदी निरुपद्रवी असतो. आमच्याच जिल्ह्यातलं लोणार घ्या. आभाळातून एक पाषाण आला, बसाल्टच्या थरावर आदळला आणि पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीचं वर्तुळाकार विवर करून गेला. केव्हा, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कुणी बावन्न हजार वर्षं म्हणतं, नंतरच्या एका मोजणीत साडेपाच लाखांच्या वरचा आकडा आला. त्या आघातानं आसपासचं सगळं जीवन जळून गेलं असणार. आघाताला हेतू नव्हता, राग नव्हता. लोकांनी मात्र त्या खड्ड्याला गोष्ट दिली: इथं लवणासुर राहत होता, लोकांना छळत होता, विष्णूनं त्याला मारलं. गावात दैत्यसूदनाचं देखणं मंदिर उभं राहिलं. एवढा मोठा घाव काही कारण नसताना झाला, ही कल्पनाच माणसाला झेपत नाही. म्हणून दैत्य लागतो. दैत्य असला की देव तारणारा ठरतो. लवणासुराला वारस नाहीत, त्यामुळे त्याच्यावरच्या आरोपानं कुणाचं नुकसान झालं नाही.

पण ज्यांचं होतं त्यांची यादी मोठी आहे.

पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. नारळांची होळी पेटते. सगळ्या धर्मांचे लोक येतात आणि त्यांत मनानं आजारी असलेली माणसं फार असतात. त्यांना आणणारे आई-बाप, भाऊ यांच्याबद्दल मला राग नाही. रात्र रात्र ओरडणाऱ्या मुलीला घेऊन कुठं जायचं, हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही तो जिथं आशा दिसेल तिथं जाणार. दर्ग्यात निदान कुणी तिला हसत नाही. मला खुपतं ते निदान. तिला झालंय काय, तर 'बाहेरचं'. कुणी केलं, तर करणी. करणी कुणाची? इथं बोट भुताकडून जिवंत माणसाकडे वळतं: भावकीतली विधवा, शेजारची म्हातारी, मूल न झालेली जाऊ. २०१३ साली महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला, तो अशाच बोटांसाठी. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर त्याचा वटहुकूम निघाला, हे आपण विसरू नये.

शिकलेल्या घरांत करणी चालत नाही. तिथं आरोपी असतो मागचा जन्म.

ही कल्पना खेड्यातल्या अडाणी माणसाची नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ती आपल्या सर्वोच्च तत्त्वज्ञानातून उतरली आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप थेट घेतलेला आहे: देवानं जग केलं असेल तर कुणाला सुखी, कुणाला दुःखी करणारा तो पक्षपाती ठरतो आणि सगळ्यांचा संहार करणारा निर्दय ठरतो. वैषम्य आणि नैर्घृण्य अशी त्या आरोपांची नावं. म्हणजे हा प्रश्न आपल्याला पाश्चात्त्यांनी शिकवला नाही. शंकराचार्यांनी भाष्यात उत्तर दिलं की देव प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो. मग पहिल्या जन्मी कर्म कुठून आलं? तर संसार अनादि आहे, पहिला जन्म असा नाहीच. युक्तिवाद म्हणून हे बिनतोड वाटतं. पण नीट पाहिलं तर उत्तर देण्याचं काम फक्त मागं मागं ढकललं गेलंय, आणि ज्याला काहीही आठवत नाही अशा माणसाच्या अंगावर एक गुन्हा चिकटवला गेलाय. आरोपपत्र नाही, पुरावा नाही, साक्षीदार नाही. शिक्षा तेवढी चालू.

तेरवीच्या घरात हे भाष्य कसं ऐकू येतं ते पाहा. बोंडअळीनं पराटी गेली, सोयाबीनला भाव नाही, सोसायटीचं कर्ज थकलं, आणि एका सकाळी माणूस गेला. ओट्यावर माणसं बसलेली. आत बाया. मधेच कुणीतरी मोठी बाई विधवा झालेल्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणते, "भोग असतात माय, भोगल्याबिगर सुटत नाहीत." म्हणणारीच्या मनात माया असते, हे मी शपथेवर सांगेन. पण शब्दांचा अर्थ काय होतो? तुझा नवरा गेला तो तुझ्याच जुन्या पापानं. अन् मग ती पोरच एखादे वेळी बोलून जाते, "देवाले माहाच नवरा दिसला काऊन?" सगळ्या खोलीत विचार करणारं वाक्य हे एकच असतं आणि त्यालाच लोक गप्प करतात. "असं बोलू नये माय, देवाले राग येते." नवरा नेला तेव्हा ज्याला दया आली नाही, त्याला विचारल्याचा मात्र राग येतो.

बाबासाहेब आंबेडकरांनी या सिद्धांताचं मर्म ओळखलं होतं. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी सृष्टिकर्त्या ईश्वरावर प्रश्नांची सरबत्ती केली आहे. पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेबद्दल तर ते आणखी कडक बोलतात: गरिबांच्या हालांची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर येऊ नये, एवढाच तिचा उपयोग दिसतो. हे लिहिणाऱ्या माणसानं स्वतःची चार मुलं पुरली होती. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. दुःखाची ओळख नसलेल्या बुद्धिवाद्याचं हे लिखाण नाही.

मृत्यू एकेकटा आला की मागचा जन्म चालून जातो. एका रात्रीत हजारो माणसं गेली की हिशेब अवघड होतो. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपात कोसळलं तेव्हा चर्च भाविकांनी भरलेली होती. व्हॉल्टेअरनं त्यावर कविता लिहून 'सर्व काही चांगल्यासाठीच' म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांची खिल्ली उडवली. आपलं लिस्बन किल्लारी. १९९३ च्या सप्टेंबरअखेरीस अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका संपल्या, गणपती बोळवून माणसं थकून झोपली, आणि ३० तारखेला पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची जमीन हलली. सुमारे आठ हजार माणसं गेली. विघ्नहर्त्याला निरोप देऊन काही तासच झाले होते. यात देवाची बाजू मांडायची तर आठ हजारांचा सामाईक गुन्हा शोधावा लागेल, तान्ह्या बाळांसकट.

असा शोध घेणारा माणूस लहानच असतो असंही नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहार हादरला तेव्हा गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. गांधीजींचं हे विधान मला त्यांच्या सगळ्या विधानांत दुबळं वाटतं. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेचे विरोधकच होते, पण त्यांनी जाहीर विरोध केला: नैसर्गिक उत्पाताला नैतिक कारण चिकटवलं तर उद्या कुणीही आपल्या सोयीचं कारण चिकटवील. शिवाय त्या ढिगाऱ्यांखाली अस्पृश्य मानलेलेही मेले असणार. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच अन्यायाची शिक्षा, असा हा न्याय.

किल्लारीत खरं काय घडलं, ते पडलेल्या भिंतींकडे पाहिलं की कळतं. दीड-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, दगड बसवायला नुसता चिखल, वरून उन्हाळ्यात गारवा देणारं मातीचं जड माळवद. धक्का बसताच भिंती सुटल्या आणि टनावारी माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. लिस्बनच्या वेळी रूसोनं व्हॉल्टेअरला पत्रात नेमकं हेच सुनावलं होतं, की सहा-सात मजली घरं निसर्गानं बांधली नव्हती. रूसो ते देवाच्या बचावासाठी म्हणाला, हे खरं. पण त्याचं बोट माणसाच्या बांधकामाकडे गेलं आणि तिथं काहीतरी करता येतं. पुनर्वसनात भूकंपरोधक घरं बांधली गेली. मागच्या जन्माची दुरुस्ती कोणत्याही गवंड्याला करता आली नसती.

समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ बस उलटून पेटली. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस. पंचवीस माणसं जळून गेली, आठ वाचली. मृतांपैकी बहुतेकांवर बुलढाण्यातच सामुदायिक अंत्यसंस्कार झाले, कारण देह ओळखू येत नव्हते. 'देव तारी त्याला कोण मारी' हे वाक्य त्या दिवसांत जिल्ह्यात अनेकांच्या तोंडी होतं. वाचलेल्याच्या आईनं ते म्हटलं तर मी मान खाली घालून ऐकेन. पण ते वर्तमानपत्राच्या मथळ्यात आलं की मला उरलेली पंचवीस घरं दिसतात. त्यांच्या मुलांना तारायचं नाही असं ठरवणारा तो कोण? बस दाराच्या बाजूवर पडल्यानं दार दबलं होतं आणि वाचले ते खिडकीच्या काचा फोडून बाहेर पडले. काच फोडायची सोय, बाहेर पडायचा दुसरा मार्ग, रात्री सलग गाडी हाकणारा चालक: पुढच्या बसमधल्या माणसांचा जीव या गोष्टींवर ठरणार आहे.

आता देवाच्या बाजूनं जे सर्वांत चांगलं बोलता येतं तेही ऐकायला हवं. माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं म्हणून वाईट घडतं, हा बचाव खुनाला लागू पडतो, रक्ताच्या कर्करोगाला पडत नाही. दुःखानं माणूस घडतो, हे ज्याचं दुःख संपलं त्याला सुचतं. पाच वर्षांचं मूल मरून काय घडणार? पण तिसरी बाजू आहे आणि ती मला सहज टाळता येत नाही. ती युक्तिवाद करणाऱ्यांची नव्हे, ज्यांचं सगळं गेलं आणि तरी ज्यांनी देव सोडला नाही त्यांची आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घेतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे आपलं कुटुंब घेऊन तीर्थामागून तीर्थ पुराणं सांगत हिंडत. दानधर्म, उपास, अनुष्ठानं, देवळांतली सेवा यांत होतं नव्हतं ते गेलं. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. या ब्राह्मण कुटुंबाला मजुरी येत नव्हती, भीक मागायची लाज वाटत होती. शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं, देवांना साकडं घातलं, उरलेसुरले दागिने विकून खाल्ले, मग रानातला पाला खाल्ला. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत देश ओलांडून १८७८ साली कलकत्त्याला पोचले. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. ज्या देवांनी एवढ्या निष्ठेला उत्तर दिलं नाही त्यांच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता आणि तो का उडाला हे त्यांनी पुढं आत्मनिवेदनात मोकळेपणानं लिहिलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे एका देवाकडून फसवणूक झाल्यावर त्या निरीश्वरवादाकडे वळल्या नाहीत, दुसऱ्या प्रेमळ देवाकडे गेल्या.

महाराष्ट्रानं तेव्हा त्यांच्या धर्मांतरावर आकाशपाताळ एक केलं. त्यांच्या भुकेवर तेवढं कुणी बोललं नाही. त्यांचं तर्कशास्त्र मला पटत नाही. नव्या देवालाही तोच दुष्काळ विचारता आला असता. पण १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, टाकलेल्या मुलींना घेऊन आली. केडगावला आपल्या 'मुक्ती' या संस्थेत त्यांना अन्न दिलं, अक्षरं आणि धंदा शिकवला. स्वतः पाला खाऊन जगलेल्या बाईनं त्या मुलींना कर्म सांगितलं नाही, जेवू घातलं. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला त्या गेल्या. श्रद्धा शेवटपर्यंत टिकली. त्यांच्या श्रद्धेला मी खोटं म्हणणार नाही. एवढंच म्हणेन, की त्या मुलींना वाचवलं ते त्यांच्या आठवणीतल्या भुकेनं. ती भूक नसती तर नुसत्या श्रद्धेनं हे घडलं असतं का, याची मला शंका आहे.

दुसरं उदाहरण तुकोबांचं. १६२९-३० च्या दुष्काळानं देहूचं हे खातंपितं वाण्याचं घर मोडलं. पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. परंपरा सांगते, की त्यानंतर त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं काढली, भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. पुढं अभंग बुडाल्याची आणि तरल्याची कथा घरोघरी सांगितली जाते, ही खतांची कथा त्या मानानं कमी. मला ती जास्त महत्त्वाची वाटते. दुष्काळ का आला यावर तुकोबांनी प्रवचन केलं नाही. दुष्काळात पिचलेल्या माणसांच्या मानेवरचं देणं काढून घेतलं. आणि विठोबाशी ते भांडले, त्याला नको नको ते बोलले, एके ठिकाणी तर आपल्यापुरता तो मेला असं जाहीर करून मोकळे झाले. नामदेव, जनाबाई यांनीही त्याला कमी ऐकवलेलं नाही. ज्या संप्रदायाच्या संतांनी देवाला तोंडावर जाब विचारला, त्याच संप्रदायाचे टाळ वाजवणारे आज तेरवीत त्या विधवेला 'असं बोलू नये' म्हणतात, हे काही बरोबर नाही.

गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडचे. कीर्तन चालू असताना एकुलत्या मुलाच्या मृत्यूची बातमी आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, ही हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. ती वैराग्याची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती तशी सांगणं आवडत नाही; बापाचं दुःख झाकून त्यावर हार घातल्यासारखं वाटतं. बाबांचं मोठेपण मी त्यांच्या खराट्यात आणि धर्मशाळांत पाहतो. मुंबईला इलाजासाठी येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांना पडायला जागा नाही, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधली. रोग का झाला, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

याच वऱ्हाडात, अकोल्याच्या शाळेत, गोपाळ गणेश आगरकर शिकले आणि १८७५ साली मॅट्रिक झाले. देव माणसानं कसे घडवले याची मीमांसा त्यांनी पुढं 'सुधारका'त केली आणि आपल्या सुधारकी मतांसाठी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. सावरकरांनी 'मनुष्याचा देव नि विश्वाचा देव' या निबंधात दाखवलं, की विश्व चालवणारी शक्ती असलीच तरी ती माणसाच्या सुखासाठी खपते आहे याला काही आधार नाही. राजकारणात एकमेकांपासून कोसभर दूर असलेली माणसं या एका मुद्द्यावर एकत्र येतात. नट डॉ. श्रीराम लागूंनी तर देवाला निवृत्त करा असंच म्हटलं. देव मानणाऱ्याला दाभोलकरांची चळवळ विरोध करत नव्हती, शोषणाला करत होती; लागूंना ती भूमिका मवाळ वाटे आणि ते तसं जाहीर बोलत. लागूंचा तरुण मुलगा तन्वीर १९९४ साली धावत्या रेल्वेगाडीवर बाहेरून कुणीतरी भिरकावलेल्या दगडानं गेला. देव न मानणाऱ्यावर अशी वेळ आली की लोक त्याच्या तोंडाकडे पाहतात: आता तरी वळेल. लागू वळले नाहीत. एक दगड, एक बेफिकीर हात, एक खिडकी. यापलीकडे त्या मृत्यूला अर्थ नव्हता आणि तो त्यांनी लादला नाही. मुलाच्या नावानं रंगकर्मींसाठी पुरस्कार सुरू केला.

तुम्ही म्हणाल, देव न मानणारेही आरोपी शोधतातच की: सरकार, सावकार, बियाणं कंपनी, व्यवस्था. खरं आहे, आणि आमच्याकडं ते आरोपही कधीकधी मंत्रासारखे म्हटले जातात. पण या आरोपांची तपासणी होऊ शकते. व्याजाचा दर किती, पाऊस किती मिलिमीटर, विम्याचा हप्ता कापला आणि भरपाई आली का, हे कागदावर दिसतं. आरोप खोटा निघाला तर मागं घेता येतो. प्रारब्धाचा आरोप कुणी कधी मागं घेतल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. शेतात गोल आखून त्यात गहू, ज्वारी, कपाशी अशी धान्यं-बियाणं ठेवायची, मधे खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पापड, कुरडई, पुरी. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं ढेकूळ भिजलं, कोणता दाणा हलला ते पाहून पावसापाण्याचं भाकीत. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्यातलं काय खरं निघत नाही ते वेळोवेळी दाखवलं आहे. तरी गर्दी हटत नाही आणि त्या गर्दीवर मला हसता येत नाही. तिथं शेतकरी देवाला 'का' विचारत नाही. 'औंदा कधी अन् किती' एवढंच विचारतो. त्याला न्याय नको, अंदाज हवा. हवामान खात्याचा गावापुरता खरा अंदाज वेळेत मिळू लागला तर घटाची गरज आपोआप कमी होईल, असं मला वाटतं.

माझं मत एवढंच आहे. जगाच्या मुळाशी काही आहे की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण ते माणसावर प्रेम करतं, हे मी मानत नाही. ते सिद्ध होत नाही म्हणून मानत नाही असंही नाही. सिद्ध न होणाऱ्या पुष्कळ गोष्टी मी मानतो. ते खरं ठरवायचं तर मला रोहिणखेडच्या शिवारात पडलेल्यांना, किल्लारीच्या बाळांना, पेटलेल्या बसमधल्या पोरांना आणि त्या ओट्यामागच्या बाईला कसल्या तरी अपराधाचे धनी ठरवावं लागतं. ते माझ्यानं होत नाही. दुःखात कुणी हरिपाठ म्हणत असेल तर मीही मागं बसून टाळी धरतो. सांत्वनाशी माझं भांडण नाही, निवाड्याशी आहे.

१९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको-मुलांसह जीवन संपवलं, तेव्हापासून आमच्या भागात असे मृत्यू थांबलेले नाहीत. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यात बुलढाणाही होता. आणि सरकारचीही एक तेरवी असते. जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते आणि मृत्यू 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवते. शेत नावावर होतं का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. पात्र ठरलं तर एक लाख रुपये: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव. हा निवाडा कडक असेल, अपुराही असेल, पण त्याला कागद लागतात आणि कागद मिळवता येतात. बाईला बहुधा हे कुणी सांगत नाही, कारण घरात बसलेले सगळे तिला प्रारब्ध समजावण्यात गुंतलेले असतात. तेव्हा तुमच्यापैकी जे अशा घरी जातील त्यांना एक विनंती. सातबारा, बँकेच्या थकबाकीचा दाखला, पोलीस पंचनाम्याची आणि शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत हे गोळा करायला लागा, तिला तहसील कार्यालयात सोबत घेऊन जा. आणि तिनं देवाला काही विचारलं, तर तिला अडवू नका.